नावच पुरेसं असलेला आलेख

एखाद्या शोधनिबंधाचा संदर्भ इतर संशोधक किती वेळा देतात, याची मोजदाद म्हणजे सायटेशनचा हिशेब. त्यात अव्वल आहे ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१चा निबंध: प्रथिनं मोजण्याची रीत, तीन लाखांहून अधिक संदर्भ! (निबंध थोर नाही, हे खुद्द लाउरीही कबूल करत.) जी. एन. रामचंद्रन यांचं काम मात्र या आकड्यांत पुरतं मावत नाही. अणू एकमेकांवर न आदळता प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते, याचा नकाशा त्यांनी १९६३मध्ये मद्रास विद्यापीठात रामकृष्णन आणि ससिशेखरन यांच्यासह मांडला. प्रथिनाची नवी रचना आजही त्यावर पडताळली जाते. फक्त ‘रामचंद्रन आलेख’ म्हटलं की भागतं. मूळ निबंधाचा संदर्भ अनेकदा कुणी देतही नाही.