मान्सूनचे स्वरूप आणि प्रा. सुलोचना गाडगीळ यांचे संशोधन

यवतमाळ जिल्ह्यातील बहुतांश शेती कोरडवाहू असून कापूस, सोयाबीन व तूर ही पिके मुख्यतः नैर्ऋत्य मान्सूनवर अवलंबून असतात. तथापि मान्सून का येतो, याचे जे उत्तर अनेक वर्गांतून आजही दिले जाते ते एडमंड हॅले याने १६८६ मध्ये मांडलेले आहे. जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, म्हणून बाष्पयुक्त वारे तिच्याकडे वाहतात. म्हणजे मान्सून हे खाऱ्या वाऱ्यांचेच विराट रूप होय. हे खरे मानल्यास यवतमाळात सर्वाधिक पाऊस मे महिन्यात पडावयास हवा. प्रत्यक्षात मे कोरडा जातो, आणि पाऊस ओढ देतो त्या वर्षी जमीन अधिकच तापते. उष्णता हे येथे पावसाचे कारण नसून त्याच्या अभावाचा परिणाम ठरते.

या विसंगतीची उकल करणाऱ्या संशोधकांत प्रा. सुलोचना गाडगीळ (१९४४–२०२५) यांचे स्थान अग्रगण्य आहे. जन्म पुण्याचा, शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे हार्वर्ड विद्यापीठात. त्यांचे आरंभीचे संशोधन गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाच्या नागमोडी वळणांविषयी होते. द्रायुयामिकीची ही गणिती बैठक घेऊन त्या भारतात परतल्या आणि १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मान्सूनकडे वळल्या.

डी. आर. सिक्का यांच्यासह १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा शोधनिबंध विशेष महत्त्वाचा आहे. १९७३ ते १९७७ या काळातील उपग्रह छायाचित्रे दिवसागणिक तपासता असे आढळले की, भारतावरील पाऊस देणारा ढगांचा पट्टा हा विषुववृत्तीय समुद्रावरील अभिसरण पट्ट्याच्याच जातीचा असतो. तो समुद्रावर जन्मून उत्तरेकडे सरकतो, आणि समुद्रावरून नवा पट्टा येऊन मिळाला नाही, तर जमिनीवर महिन्याहून अधिक काळ टिकत नाही. ऐन हंगामात पडणाऱ्या पावसाच्या खंडाचा विचार यामुळे समुद्राशी जोडला गेला. पुढे १९८४ मध्ये, समुद्रपृष्ठाचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या वर गेल्याखेरीज असे ढग सहसा संघटित होत नाहीत, हेही त्यांनी सहकाऱ्यांसह दाखविले.

एल निनोचे कोडेही याच दिशेने उलगडले. १९९७ चा एल निनो तीव्र असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा एल निनो त्याहून सौम्य, तरी दुष्काळ पडला. हिंदी महासागराच्या विषुववृत्तीय भागात ढगांचे आधिक्य पूर्वेस आहे की पश्चिमेस, यावर हा फरक बराचसा अवलंबून असतो, असे २००४ च्या संशोधनातून पुढे आले.

अनंतपूर परिसरातील कोरडवाहू भुईमुगाची पेरणी केव्हा करावी, हा प्रश्नही त्यांनी शेतकऱ्यांशी चर्चा करून, दीर्घकालीन पर्जन्यनोंदी व पीक-प्रारूप यांच्या आधारे हाताळला. एवढ्या सैद्धान्तिक अभ्यासकाने हे काम दुय्यम मानले नाही, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. अर्थात अनंतपूरच्या उथळ तांबड्या मातीतील निष्कर्ष वणीच्या भारी काळ्या जमिनीस जसाच्या तसा लागू पडणार नाही. ओलावा धरून ठेवण्याची क्षमता भिन्न, त्यामुळे किती दिवसांच्या खंडानंतर दुबार पेरणी अटळ ठरते, हा हिशेबही तेथील पर्जन्यनोंदींवरून स्वतंत्रपणेच मांडावा लागतो.