खाऱ्या पाण्याची टाकी : आधी कोणता मासा, नंतर कोणता?

• पाणी : क्षारता हजारी सुमारे ३५, तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस.

• तयारी : साधारण ४ ते ६ आठवडे. अमोनिया, नायट्राइट शून्यावर आल्यावरच पहिला मासा.

• आधी : बुजरे, शांत मासे. फायरफिश, गोबी, कार्डिनल.

• मग : क्लाउनफिश. जोडी एकत्रच सोडतात.

• शेवटी : हद्द राखणारे डॅमसेल, डॉटीबॅक, टँग. टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो.

• अपवाद : मँडरिन शांत, पण मुख्यतः कोपेपॉडसारख्या सूक्ष्म जीवांवर जगतो. त्याला काही महिने मुरलेली टाकी लागते.

• अंतर : दोन खेपांमध्ये किमान २ आठवडे, तेवढ्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढतात.

• विलगीकरण : प्रत्येक नवा मासा सुमारे ४ आठवडे वेगळ्या टाकीत.

• सोडताना : टाकीचे दिवे बंद ठेवावेत.