या फुलाचा नेमका पत्ता कुणीच का सांगत नाही?

एक फूल आहे. दोन्ही बाजूंना आडव्या पसरलेल्या पाकळ्या धरून रुंदी जवळपास 30 सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या मोठ्या पट्टीएवढी. पण ते जंगलात नेमकं कुठे उगवतं, हे ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत.

या फुलाचं नाव पॅफिओपेडिलम रॉथ्सचाइल्डियानम. बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सबा राज्यात किनाबालू पर्वत आहे. त्याच्या परिसरातल्या मोजक्या जागा सोडल्या, तर हे ऑर्किड जगात कुठेच आपोआप उगवत नाही.

लपवाछपवी जुनीच

1888 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. युरोपात तेव्हा ऑर्किडचं वेड होतं. इंग्लंडमधला व्यापारी फ्रेडरिक सँडर याने हे ऑर्किड विकायला आणलं आणि स्पर्धकांना चकवण्यासाठी ते न्यू गिनीचं असल्याचं सांगितलं. किनाबालूवर ते पुन्हा सापडलं थेट 1959 मध्ये.

तेव्हा पत्ता लपवला तो धंद्यासाठी. आज लपवतात ते चोरांपासून फूल वाचवण्यासाठी.

एक रोप गेलं तर काय बिघडतं?

बी रुजल्यापासून फूल यायला दहा वर्षांहून जास्त काळ लागू शकतो. त्यात परागीभवनही सोपं नाही. होव्हरफ्लाय नावाची माशी आपली अंडी माव्याजवळ घालते, कारण तिच्या अळ्या मावा खातात. या फुलावरचे बारीक केस तिला माव्यासारखे वाटतात. ती फसते, अंडी घालते आणि फुलाच्या पिशवीत पडते. बाहेर निघताना परागकण तिच्या अंगाला चिकटतात. रोपंच उरली नाहीत, तर हा सगळा खेळ थांबतो. आययूसीएनच्या यादीत ही प्रजाती 'अतिसंकटग्रस्त' आहे.

मग हे ऑर्किड घरी लावता येत नाही का?

येतं. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेली रोपं कागदपत्रांसह विकली जातात. जंगलातून उपटलेल्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला मात्र साईट्स करारानुसार बंदी आहे.

यात आपला काय संबंध?

आपल्या सह्याद्रीतही ऑर्किड म्हणजेच आमरी फुलतात. ट्रेकला दुर्मिळ आमरी दिसली तर फोटो जरूर टाका, पण लोकेशन टॅग करू नका. मोबाईलच्या मूळ फोटोतही लोकेशन सेव्ह झालेलं असू शकतं. फाईल पाठवण्याआधी ते काढून टाका.