मनगट मोडलं तेव्हाच

आई पहाटे चारला लघवीला उठली. दिवा लावला तर आमची झोपमोड होईल म्हणून भिंत चाचपडत गेली. बाथरूमच्या दाराशी पायपुसणं सरकलं आणि ती कुशीवर आदळली. धावत गेलो तेव्हा तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या बाजूला कललं होतं. खुबा मोडल्याची ही खूण नंतर कळली.

सहा वर्षांपूर्वी तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं, निघालं, हात पुन्हा पोळ्या लाटू लागला. उभ्या उभ्या पडल्यानं हाड मोडतंच कसं, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. असं एक हाड मोडलं की पुढचं मोडण्याचा धोका जवळपास दुपटीनं वाढतो. आमच्या हातातून निसटली ती हीच वेळ.

हाड जिवंत असतं. जुनं झिजतं, नवं भरतं. तिशीपर्यंत भर जास्त पडते, पुढं झीज वरचढ ठरते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटतं आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं फार वेगानं विरळ होतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांचंही तेच.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीतला टी-स्कोअर आपल्या हाडांच्या घनतेची निरोगी तरुणांच्या सरासरी घनतेशी तुलना करतो. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेची 1994ची व्याख्या. पण हाड मोडलेल्या निम्म्याहून अधिक बायकांचा आकडा या रेषेच्या वरच असतो. कारण खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळे, आणि पडणं काही त्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. झोपेची गोळी, मोतीबिंदू, उठताना एकदम उतरणारा रक्तदाब, ओली फरशी हे सगळं घरात शोधावं लागतं. आमच्याकडे आता बाथरूमपर्यंत रात्रभर दिवा असतो.

“या वयात ऑपरेशन कशाला?” यावर आमच्या घरात दोन दिवस खल झाला. ते दोन दिवस मला अजून बोचतात. पडून राहिलं की न्यूमोनिया, शय्याव्रण, पायात रक्ताच्या गुठळ्या. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातलं एक माणूस वर्षभरात दगावतं. ब्रिटनमध्ये 2007पासून अशा रुग्णांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. 36 तासांत शस्त्रक्रिया आणि अस्थितज्ज्ञाच्या जोडीला वृद्धांचा डॉक्टर, असा तिथला आग्रह. महिन्याभरातले मृत्यू त्यानंतर घटले. आपल्याकडे अशी शिस्त हवी, असं मला मनापासून वाटतं.

औषधं आहेत. अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांवरचा 2007चा अभ्यास सांगतो की त्यानं तीन वर्षांत खुब्याची मोड 41 टक्क्यांनी कमी झाली. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. ते मात्र आपल्या मनानं बंद करू नये, मणके मोडतात. नाचणी खावी, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण एकदा हाड मोडलं की नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही.

शेफील्ड विद्यापीठानं 2008मध्ये फ्रॅक्स नावाचं गणित मांडलं. वय, वजन, आधीची मोड, धूम्रपान, स्टेरॉइड असं विचारून ते पुढच्या दहा वर्षांतला धोका सांगतं, घनतेचा रिपोर्ट नसला तरीही. भारतासाठीही ते आहे. गेल्या महिन्यात मी माझी माहिती भरली. आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, असा त्यात प्रश्न येतो. शेजारच्या खोलीतून वॉकरची टकटक ऐकू येत होती. मी ‘होय’वर बोट ठेवलं आणि डेक्साची वेळ घेतली.