बीपी नॉर्मल आला, म्हणून गोळी सोडू नका

सुरतच्या कोसाड आवासातून कारखान्यात पाळीला जाणाऱ्या माणसाचा हिशेब साधा असतो: दुखलं तर गोळी, नाहीतर कशाला? बीपीच्या बाबतीत हा हिशेब अंगाशी येतो. रक्तदाब वाढलेला असतो, पण बहुतेकांना काहीच जाणवत नाही. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 च्या पुढे राहत असेल, तर मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्यांवर ताण पडतच असतो. डोकं दुखायची वाट पाहत बसलेल्यांपैकी काहींना आजार कळतो तो थेट लकवा मारल्यावर.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज म्हणजे, ‘दोन महिने गोळी घेतली, आता नॉर्मल आहे, बंद केली.’ अहो, तो आकडा गोळीमुळेच खाली आलेला असतो! बंद केली की बहुतेकांचा बीपी पुन्हा चढतो. वजन, मीठ, दारू कमी झाल्यावर काहींचा डोस उतरतोही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. लग्नसराईत धुळे-नंदुरबारकडे गावी गेलं की गोळ्या हमखास तुटतात. निघण्याआधीच पुरेशा मागून घ्या.

2017 साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नेमकी हीच गळती धरली. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. औषधांचा क्रम ठरलेला, महिन्याभराच्या गोळ्या एकदम हातात, आणि जो तारखेला आला नाही त्याचा पाठपुरावा. मला यातलं शेवटचं काम सर्वांत मोलाचं वाटतं.

गोळीची ‘सवय’ लागत नाही. ‘किडनी जाते’ हेही उलटंच आहे: किडनी बिघडवतो तो आटोक्याबाहेरचा बीपी. अम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते. ती डॉक्टरांना दाखवा, औषध बदलता येतं. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी सांगा. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या तेव्हा चालत नाहीत.

आता मोजण्याचं. जिना चढून, चहा पिऊन, तंबाखू मळून लगेच हात पुढे केला तर आकडा फुगतो. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. बाही वर करा, दंड छातीच्या पातळीला टेकवा, मोजताना बोलू नका. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा खोटाच वाढतो. दोनदा मोजायला सांगायला संकोच कसला?

सैंधव खाल्लं तर चालतं, हाही भ्रम; त्यातही मुख्यतः सोडियमच आहे. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, आणि त्यात पापड, लोणचं, शेव सगळं आलं.

आकडा 180/120 च्या वर दिसला, पण त्रास काही नाही, तर मनाने दुप्पट गोळी घेऊ नका. पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा, तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर आकडा न पाहता 108 ला फोन करा.