धरणाखालील नदीचे पालटते पात्र

नदी केवळ पाणी वाहून नेत नाही. माती, वाळू आणि गोटे यांचीही ती वाहतूक करीत असते. धरण घातले म्हणजे हा सारा गाळ जलाशयात बसतो व खाली निवळ पाणी सुटते. असे पाणी आपल्याच पात्राची वाळू उचलू लागते. तळ खोल जातो, काठच्या दरडी ढासळतात आणि नदीस मिळणारे ओढेही मागे मागे, थेट शेतांपर्यंत, चर पाडीत जातात. काठच्या विहिरींची पातळीही त्यामुळे उतरू शकते. दुसरीकडे, मोठे पूर अडल्यामुळे पात्राचा काही भाग कोरडा राहतो, तेथे झुडपे वाढतात आणि लोक ती जमीन लागवडीखाली आणतात. नदीने ती सोडली आहे, हा समज मात्र खरा नव्हे.

धरण फुटल्यावर काय होते, ते अमेरिकेतील कोलोराडो राज्यात दिसून आले. तेथे १९०३ साली शेतकऱ्यांच्या एका सिंचन कंपनीने लॉन लेक येथे मातीचा बांध घातला होता. उंची अवघी २६ फूट! मोरीच्या नळाच्या सांध्यातील शिशाची भरणी निकामी होऊन भरावात पाणी शिरले असावे, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. १५ जुलै १९८२ रोजी पहाटे बांध फुटला. तिघांचा बळी गेला. खालच्या नदीचे पात्र जागोजाग ५ ते ५० फूट खरवडले गेले. उतार संपताच तो माल सुमारे ४२ एकरांवर पसरला. काही ठिकाणी त्याचा थर ४४ फुटांचा होता. त्यातील सर्वांत मोठा धोंडा ४०० टनांहून जड होता. या ढिगाने दुसऱ्या नदीची वाट अडून तेथे नवे तळेच तयार झाले. वाटेतील एक लहान धरणही कोसळले. आपल्याकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा खडकवासल्याचे धरणही असेच गेले.

पूर ओसरला तरी नदी स्थिरावत नाही. उघडे पडलेले काठ पुढील पावसाळ्यांत ढासळतात आणि साचलेल्या वाळूतून ती नवी वाट कोरते. म्हणून अशा काठाशी लगेच विहीर खणू नये, वा बांधबंदिस्तीवर खर्च करू नये. निदान दोन-तीन पावसाळे पात्राची चाल पाहावी. गावतळ्याच्या बाबतीत ग्रामसेवकांनी पावसाळ्यात मोरीच्या बाहेरील तोंडाभोवती फिरून पाहावे. तेथे स्वच्छ पाणी झिरपत असेल तर नोंद ठेवावी; ते गढूळ येऊ लागल्यास भरावातील माती वाहून जात आहे असे समजून त्याच दिवशी पाटबंधारे खात्यास कळवावे आणि खालच्या वस्तीस सावध करावे.