रसद आभाळातून : ऑर्ड विंगेट (उत्तरार्ध)

लेखमाला : आघाडीच्या पलीकडे – लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण थांबलो ते कैरोत, जुलै १९४१मध्ये. हॉटेलच्या खोलीत विंगेटने स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवली आणि शेजारच्या खोलीतला कर्नल वेळेवर धावून आल्यामुळे तो वाचला. त्याच्याच गिडियन फोर्सने इथिओपियात जेमतेम दोन हजार माणसांच्या बळावर कित्येक पटींनी मोठ्या इटालियन फौजेला हैराण केलं होतं. ५ मे १९४१ रोजी सम्राट हैले सेलासी अदिस अबाबात परतला. त्याबद्दल विंगेटच्या पदरात काय पडलं? तुकडी बरखास्त झाली, हुद्दा मेजरवर उतरला, मलेरिया अंगात मुरलेला होता आणि त्यावरच्या अटाब्रिनच्या गोळ्यांनी डोकं आणखी भ्रमिष्ट झालं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या अधिकाऱ्याला ब्रिटिश लष्करात पुढे काही भवितव्य नसे. विंगेटला ते मिळालं, कारण आर्चिबाल्ड वेव्हेल हा सेनापती त्याला ओळखून होता. पॅलेस्टाइन आणि इथिओपियानंतर तिसऱ्यांदा त्याने विंगेटला हाक मारली, ती १९४२च्या सुरुवातीला. वेव्हेल तेव्हा भारताचा सरसेनापती होता आणि ब्रह्मदेश हातातून निसटत चालला होता.

विंगेटच्या विक्षिप्तपणावर चरित्रकार पानंच्या पानं खर्च करतात. तो सफरचंद खावं तसा कच्चा कांदा खायचा, गजराचं घड्याळ सोबत बाळगायचा, जुनाट सोला हॅट घालून हिंडायचा आणि भेटीला आलेल्यांसमोर अंगावर काही न घालता बसून ब्रशने अंग घासत बोलायचा. हे सगळं खरं आहे. पण कांदे खाणारे विक्षिप्त अधिकारी त्या सैन्यात आणखीही असतील. विंगेट वेगळा ठरला तो त्याने एका प्रश्नाचं जे उत्तर काढलं त्यामुळे, आणि तो प्रश्न रसदेचा होता.

१९४२च्या माघारीत जपान्यांची युक्ती तशी साधी होती. ते समोरून थोडा दाब द्यायचे, एक तुकडी जंगलातून वळसा घालून ब्रिटिशांच्या पाठीमागच्या रस्त्यावर आणून बसवायचे आणि रस्ता अडवायचे. ब्रिटिशांचं अन्न, दारूगोळा, जखमी सगळं ट्रकवर आणि ट्रक रस्त्यावर. रस्ता तुटला की अख्खी डिव्हिजन मागे फिरून तो मोकळा करायला धावायची. जंगलात लढायला आपली माणसं कमी पडतात, असं बहुतेकांचं निदान होतं. विंगेटचं निदान वेगळं होतं. माणसं कमी पडत नाहीत, ती रस्त्याला बांधलेली आहेत. मग रस्ताच सोडून द्यायचा, लागेल ते विमानातून छत्रीने टाकायचं. प्रत्येक तुकडीबरोबर एक बिनतारी संच आणि हवाई दलाचा एक अधिकारी द्यायचा, जो कुठे आणि कधी टाकायचं ते वैमानिकांच्या भाषेत सांगेल. विमानातून सामान टाकणं तेव्हा नवं नव्हतं. संपूर्ण ब्रिगेडने त्याच भरवशावर शत्रूच्या मुलखात शिरणं मात्र नवं होतं.

यासाठी मिळालेली माणसं कुणी हौसेने निवडलेली नव्हती. १३वी किंग्ज ही लिव्हरपूलची पलटण इंग्लंडचा किनारा सांभाळण्यासाठी उभारलेली होती. त्यातले बरेचसे तिशी ओलांडलेले आणि संसारी. तिच्या जोडीला गुरखा रायफल्सची एक पलटण, बर्मा रायफल्समधले कारेन आणि काचिन जवान, स्फोटकांचं काम जाणणारे कमांडो, आणि शेकडो खेचरं. ही ७७वी ब्रिगेड. १९४२च्या पावसाळ्यात तिला सागरच्या आसपासच्या जंगलात नेऊन पिळून काढलं. सागर म्हणजे गोविंदपंत बुंदेल्यांचं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पुराच्या पाण्यात छावण्या, तापाने फणफणलेले शिपाई, आणि आजारी पडणं हा गुन्हा असल्यासारखा वागणारा ब्रिगेडियर. कित्येकजण तिथेच गळाले. बर्मी देवळांच्या दारातल्या ‘चिंथे’ या सिंहावरून उरलेल्यांना पुढे चिंडिट हे नाव पडलं.

आपल्याकडे असं काही वाचलं की लगेच गनिमी कावा म्हणायची सवय आहे. मला ते पटत नाही. मावळ्याच्या पाठीशी मुलूख होता. वाट त्याच्या पायाखालची, गाव ओळखीचं, भाकरी गावातली. लिव्हरपूलच्या शिपायापाशी यातलं काहीच नव्हतं. कारेन आणि काचिन लोकांनी मदत केली, पण मैदानी बर्मी गावांत कोण जपान्यांना खबर देईल याचा नेम नव्हता. विंगेटला स्वतःलाही लॉरेन्स ऑफ अरेबियाशी केलेली तुलना खपत नसे. शत्रूच्या पोटात शिरलेली ही शिस्तबद्ध पायदळ फौज आहे, टोळी नव्हे, हा त्याचा आग्रह होता.

फेब्रुवारी १९४३मध्ये ही मोहीम निघण्याआधीच रद्द व्हायची होती. तिच्या जोडीने व्हायची मोठी चढाई बारगळली होती, म्हणजे रेल्वे तोडून त्याचा फायदा उठवणारं कुणीच नव्हतं. वेव्हेल इंफाळला आला तो हे सांगायलाच. विंगेटने त्याच्याशी वाद घातला आणि परवानगी मिळवली. सुमारे तीन हजार माणसं चिंदविन नदी उतरून गेली. मार्चच्या सुरुवातीला मायकेल कॅल्व्हर्ट आणि बर्नार्ड फर्ग्युसन यांच्या तुकड्यांनी मंडाले–मिचिना रेल्वेवरचे पूल उडवले, रूळ सत्तरहून अधिक ठिकाणी तोडले. इथवर सारं ठरल्याप्रमाणे झालं.

मग विंगेटने इरावती ओलांडली. पलीकडचा टापू कोरडा, उन्हाने भाजलेला, त्यात रस्ते बरेच. म्हणजे जपान्यांच्या गाड्यांना मोकळं रान. विमानांच्या पल्ल्याच्या टोकाला आल्यामुळे रसदही आटत गेली. शेवटी मागे फिरण्याचा हुकूम आला. तुकड्या लहान लहान गटांत फुटल्या आणि ज्याची त्याने वाट धरली. खेचरं मारून खाल्ली. चालू न शकणाऱ्यांना पाण्याची बाटली आणि बंदूक देऊन झाडाखाली किंवा एखाद्या गावात सोडावं लागलं. हा निर्णय आधीच झालेला होता आणि प्रत्येक शिपायाला तो माहीत होता. गेलेल्या तीन हजारांपैकी २,१८२ परतले. त्यातले सहाशेच्या आसपास पुन्हा कधी लढाईला उभे राहू शकले नाहीत. जपान्यांनी रेल्वे मात्र काही आठवड्यांत दुरुस्त केली.

हिशेब मांडला तर ही मोहीम फसली असंच म्हणावं लागेल. पण माघारीत एका तुकडीने जंगलातल्या मोकळ्या जागेत पांढऱ्या कापडाने विमानासाठी खूण केली, आणि एका डाकोटाच्या वैमानिकाने तिथे विमान उतरवून आजारी, जखमी जवानांना उचलून आणलं. आभाळातून सामान येतं तसं माणूसही परत जाऊ शकतो, हे विंगेटच्या मनात तिथे पक्कं झालं असावं. पुढच्या वर्षीची सगळी योजना त्यातूनच फुलली.

पराभवांना कंटाळलेल्या लंडनला ही बातमी हवीच होती. चर्चिलने ऑगस्टमध्ये विंगेटला जेवायला बोलावलं आणि त्याच रात्री आपल्याबरोबर क्वेबेकच्या परिषदेला नेलं. त्याची बायको लॉर्ना हिलाही आगगाडीतून उतरवून जहाजावर चढवलं. तिथे विंगेटने रूझवेल्टसमोर आपली कल्पना मांडली. अमेरिकनांनी त्याला फिलिप कॉक्रन आणि जॉन ॲलिसन यांच्या हाताखाली एक स्वतंत्र हवाई दलच दिलं. त्यात लढाऊ विमानं, बॉम्बर, मालवाहू विमानं, ग्लायडर आणि जखमींना उचलणारी शंभरेक छोटी विमानं होती. काही महिन्यांपूर्वीचा ब्रिगेडियर आता मेजर जनरल झाला. परतीच्या वाटेवर लिबियात तहान लागली म्हणून हा मेजर जनरल फुलदाणीतलं पाणी प्यायला आणि टायफॉइडने कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला!

अमेरिकेने जमिनीवर लढणारी एक तुकडीही देऊ केली होती. ती ३१ ऑक्टोबर १९४३ला मुंबईच्या बंदरात उतरली आणि आधी नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गेली. पुढे ती विंगेटकडून काढून अमेरिकन जनरल स्टिलवेलला दिली गेली आणि मेरिल्स मरॉडर्स म्हणून गाजली. अमेरिकेची आजची ७५वी रेंजर रेजिमेंट आपला वारसा तिच्यापर्यंत नेते.

५ मार्च १९४४ची संध्याकाळ. आसामच्या काछाड भागातल्या लालाघाट धावपट्टीवर ग्लायडर रांगेने उभी. दोन मोकळ्या जागांची नावं ठरली होती, पिकॅडिली आणि ब्रॉडवे. उड्डाणाला अर्धा तास उरला असताना पिकॅडिलीचं ताजं छायाचित्र आलं. पूर्ण मैदानभर सागाचे ओंडके पसरलेले. जपान्यांना सुगावा लागला काय? प्रत्यक्षात ते लाकूडतोड्यांनी सुकवायला टाकले होते, पण हे कळलं फार नंतर. सगळी ग्लायडर ब्रॉडवेला पाठवायचं ठरलं. हे कुणी ठरवलं यावर आजही वाद आहे. या आघाडीचा सेनापती जनरल स्लिम याच्या आठवणींत विंगेट गडबडलेला आहे आणि निर्णय स्लिमचा. विंगेटच्या माणसांना हे साफ अमान्य. मला वाटतं, इतक्या घाईच्या अर्ध्या तासाची दोन माणसांची आठवण जुळली असती तरच नवल होतं.

त्या रात्री साठेक ग्लायडर निघाली. एकेका डाकोटामागे दोन-दोन बांधलेली, त्यामुळे दोर तुटले आणि कित्येक वाटेतच कुठेतरी उतरली. ब्रॉडवेच्या गवताखालच्या खाचखळग्यांनी आलेल्यांपैकी अनेकांचा चुराडा केला, तीसेक माणसं ठार झाली. पण ग्लायडरमधून आणलेल्या छोट्या बुलडोझरने दुसऱ्या संध्याकाळपर्यंत धावपट्टी सपाट केली आणि डाकोटा उतरू लागले. आठवड्याभरात सुमारे नऊ हजार माणसं आणि तेराशेच्या आसपास जनावरं जपानी फौजांच्या पाठीमागे जाऊन बसली. कॅल्व्हर्टने मावलूजवळ रेल्वे आणि रस्ता दोन्ही अडवले. झाडांवर लटकलेल्या पांढऱ्या छत्र्यांमुळे त्या ठाण्याला व्हाइट सिटी म्हणू लागले. आता जखमींना झाडाखाली सोडावं लागत नव्हतं. छोटी विमानं त्यांना उचलत होती, आणि एप्रिलच्या अखेरीस एका सिकोर्स्की हेलिकॉप्टरनेही काहींना बाहेर काढलं. युद्धात हेलिकॉप्टरने केलेली ती पहिली सुटका.

याच दिवसांत चिंदविन उलट्या दिशेने ओलांडली जात होती. जपानी सेनापती मुतागुची याला १९४२मध्ये हे डोंगर फौजेला दुर्लंघ्य वाटत होते. १९४३ची विंगेटची वाटचाल बघून त्याचं मत बदललं आणि त्याने इंफाळवर चालून जायचं ठरवलं. त्याने विंगेटकडून वाट उचलली. विमान त्याच्यापाशी नव्हतं. मांसासाठी गुरांचे कळप आणि इंफाळला हाती पडतील त्या ब्रिटिश कोठारांचा भरवसा, एवढ्यावर त्याची फौज निघाली. कोठारं हाती लागली नाहीत. सुमारे ८५ हजारांपैकी तीस हजारांच्या आसपास मेले, त्यातले बहुतेक उपासमारीने आणि रोगाने. वेढ्यातलं इंफाळ मात्र विमानांनी महिनोन्‌महिने पोसलं. १९४३च्या फसलेल्या मोहिमेचा सर्वांत मोठा परिणाम हाच, आणि तो विंगेटने कधी योजलेला नव्हता.

त्याने तो पाहिलाही नाही. २४ मार्च १९४४ला इंफाळहून लालाघाटला निघालेलं त्याचं मिचेल बॉम्बर मणिपूरमध्ये बिष्णुपूरच्या पश्चिमेच्या डोंगरांवर कोसळलं. त्यातले दहाही जण गेले, दोन युद्धवार्ताहरांसकट. विंगेट ४१ वर्षांचा होता. त्याचा मुलगा मे महिन्यात जन्मला. विमानातले निम्मे अमेरिकन होते आणि अवशेष वेगळे ओळखता येणं शक्य नव्हतं, म्हणून १९५०मध्ये सगळ्यांना एकत्र आर्लिंग्टनच्या अमेरिकन दफनभूमीत पुरलं. नैनितालला जन्मलेला हा ब्रिटिश जनरल त्यामुळे आज वॉशिंग्टनजवळ आहे.

त्याच्या जागी आलेल्या लेंटेन या गुरखा रायफल्समधल्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा या पद्धतीवर फारसा विश्वास नव्हता. पुढे चिंडिट स्टिलवेलच्या हाताखाली गेले आणि तोफांविना, नेहमीच्या पायदळासारखे तटबंदीवर घातले गेले. कॅल्व्हर्टच्या ब्रिगेडने जूनअखेर मोगाँग घेतलं, त्यात गुरखा जवान तुलबहादूर पुन याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. विंगेट म्हणे, या कामात माणूस तीन महिने टिकतो. इथे पाचवा महिना उजाडला होता. १११व्या ब्रिगेडच्या बावीसशेच्या आसपास जवानांची वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा लढायला लायक निघाले ११८. ब्रिटिशांच्या अधिकृत युद्धेतिहासाने नंतर विंगेटवर कडक टीका केली, आणि त्याचे जुने साथीदार आयुष्यभर तिला उत्तरं देत राहिले. माझ्या मते टीकाकारांचा एक मुद्दा खोडता येत नाही. एवढी विमानं आणि माणसं स्लिमच्या मुख्य आघाडीवर वापरली असती तर कदाचित जास्त साधलं असतं. पण ती विमानं अमेरिकेने स्लिमसाठी दिलीच नसती.

१९४५च्या फेब्रुवारीत चिंडिट फौज मोडली. कॅल्व्हर्टला मात्र पाच वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं. मलायाच्या रबराच्या मळ्यांत कम्युनिस्ट बंडखोर शिरले होते, आणि त्यांच्यामागे जंगलात महिनोन्‌महिने राहू शकेल अशी तुकडी हवी होती. १९५०मध्ये त्याने उभारलेल्या मलायन स्काउट्समधूनच बावीसावी एसएएस रेजिमेंट तयार झाली. त्या दारूबाज, बेशिस्त आणि तरीही यशस्वी सुरुवातीबद्दल पुढच्या लेखांकात.